सासूच्या आवाजाखालचं गाणं

त्या जुम्म्याला दुपारी दोहातल्या अल मुंतझाच्या आमच्या फ्लॅटात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हंजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीनं मनानं रचलं. मी होते. माझे मालक होते, चाकाच्या खुर्चीत, खिडकीजवळ. मुलगा, सून आणि नात. मुलाचा ऑफिसातला साहेब होता, स्कॉटलंडचा. आमच्या जमातीचे सदर, म्हंजे अध्यक्ष होते, अत्तर लावून आलेले. आणि मालकांचा जुना रूममेट होता. तो अजून बिरकत अल अवामेरच्या एका कामगारांच्या कॅम्पात मेसला स्वयंपाकी हाय, बस बदलत बदलत आला होता. एवढीच माणसं. मधे टेबलावर टेपरेकॉर्डर, मुलानं जुन्या सामानाच्या बाजारातून शोधून आणलेला.

आमी जमलो होतो मालकांची गाणी शोधायला.

मालक कवी होते. हे मी आता म्हणते, कारण आता सगळे म्हणतात. तवा कुणी म्हणत नव्हतं. तवा ते दोहात गोड्या पाण्याचा टँकर चालवायचे आणि संध्याकाळी खोलीत तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून गायचे, आपल्या रत्नागिरीकडच्या मुसलमानांच्या बोलीत. कफीलावर, म्हंजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या अरबावर, मेसच्या डाळीवर, मुकादमावर, वाळूच्या वाऱ्यावर, खोलीत घोरणाऱ्यावर. सगळं मनानंच जुळवलेलं. ज्याच्यावर गाणं झालं त्याला पुढं कितीतरी दिवस तोंड दाखवायची चोरी. माणसं घाबरून त्यांना चहा पाजायची. लिहिता त्यांना येत नव्हतं. मलाही येत नाय. हे मी बोलते आणि सून लिहून घेते. मधे मधे ती म्हणते, "अम्मा, हे राहू द्या." मी म्हणते, लिही.

आता कॅसेट म्हंजे काय तेसुद्धा पोरांना समजावून सांगावं लागतं. तवा घरोघरी फोन नव्हते. आमाला चिठ्ठी लिहिता येत नव्हती, म्हणून कॅसेट हीच चिठ्ठी. मालक इथं टेपसमोर बसून सगळ्यांना सलाम सांगायचे, खुशाली सांगायचे आणि उरलेल्या जागेत गाणं भरायचे. सुट्टीवर जाणाऱ्याच्या बॅगेतून ती कॅसेट गावी यायची. सासू अंगणात टेप लावायची. वाडीतले पुरुष, पोरं, सगळी जमायची. मन भरेपर्यंत ऐकायची. मग त्याच कॅसेटवर सासू जवाब भरायची आणि परत जाणाऱ्याच्या हातात द्यायची. मालकांनी जवाब ऐकला की त्याच्यावरच ते नवं गाणं भरायचे. आखातात माणूस असलेल्या आमच्याकडच्या सगळ्या घरांत हीच रीत. चिठ्ठी वाचून झाली की तिचं काम झालं. गाणं पुसलं जातंय हे कुणाच्या डोक्यात आलं नाय. माणूस जिवंत हाय, गळा हाय, पुढच्या खेपेला दुसरं येईल.

मुलगा शिकला, इथं गॅस कंपनीत इंजिनिअर झाला, आमाला दोघांना इथं घेऊन आला. त्याला बापाच्या गाण्यांची लाज. नात लहान होती तवा मालक तिला मांडीवर घेऊन बोलीत काही म्हणायला लागले की हा दारातूनच ओरडायचा, "अब्बा, प्लीज. तिला शाळेत हसतात." जमातीचा मुशायरा असायचा, उर्दूचा. एकदा मालक तिथं उठून उभे राहिले आणि आपल्या दोन ओळी म्हटल्या. सदर माइकवर म्हणाले, "मियाँ, ही महफिल हाय, मच्छी मार्केट नाय." हॉल हसला. मुलगाही हसला, मी बायकांच्या बाजूनं बघितलं. मालक खाली बसले. त्यानंतर ते कुठं गायले नाय, घरातही नाय.

मग झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला, "खलास." पाणी पाहिजे, खलास. चादर ओली झाली, खलास. माझा राग आला, खलास.

आणि वाचा गेल्यावर मुलाला गाणी आठवली. झालं असं की साहेबाच्या अल दुहैलच्या विलात मुलाला जेवणाचं बोलावणं होतं. मी त्या साहेबाला इंग्रज म्हणायचे. मुलगा म्हणायचा, "अम्मा, त्याच्यासमोर असं बोलू नको हां, त्याला शिवी दिल्यासारखं लागतं." त्या जेवणात साहेबानं आपल्या गावच्या एका गवंड्याची गोष्ट सांगितली. तो गवंडी गावच्या बोलीत कविता करायचा, इंग्रजीत नाय. शाळेत ती बोली तोंडातून निघाली की मास्तर पोरांना पट्ट्यानं मारायचे. गवंडी मेला आणि लोक विसरले. आता त्याच गावानं त्याच्या कविता घरोघरी फिरून गोळा केल्या, पुलाजवळच्या दगडावर कोरल्या. ज्या शाळेत मार पडायचा त्याच शाळेतली पोरं आता त्या पाठ म्हणतात. सांगताना साहेबाचे डोळे भरले म्हणे. मुलगा बोलून गेला, "माझे वडीलही तसेच." साहेबानं विचारलं, "मग त्यांच्या कविता कुठं हायत?"

मुलगा घरी आला. बूट न काढता बापासमोर गुडघ्यावर बसला, फोन तोंडापुढं धरला. "अब्बा, एक गाणं म्हणा ना. एकच."

मालकांनी फोनकडं बघितलं. "खलास," म्हणाले.

मला तवा मुलाची कीव आली नाय. पण गाणी राहावीत असं मलाही वाटत होतं. माणसाचा अर्धा देह गेलेला, उरलेला मी रोज पुसते, भरवते. त्याच्यातलं चांगलं काय होतं ते एवढंच. ते तरी कुठं असेल तर असू दे.

गावाकडं दिराला फोन केला. तिथल्या कॅसेटांवर दिराच्या पोरांनी कधीच सिनेमाची गाणी भरली होती, आणि नंतर फितीनं आंब्याच्या झाडावर पाखरं हाकलली. राहिल्या त्या मालकांच्या पत्र्याच्या पेटीतल्या. त्या त्यांनी नोकरी सोडताना दोहाहून गावी आणि मुलाबरोबर गावाहून परत दोहाला आणल्या होत्या, कापडात बांधून. मला कधी हात लावू दिला नाय. मुलगा म्हणाला, "एवढ्या जपून ठेवल्यात म्हंजे गाणीच असणार." म्हणून तो जुम्मा, तो साहेब, ती बिर्याणी.

पहिली कॅसेट लावली. खरखर, मग माझी सासू. तिला मरून किती वर्षं झाली, पण आवाज असा की मी पदर सारखा केला. "अंगाला लावायचा साबन धाड. छत्री धाड, मागची मोडली. धाकट्याला घड्याल पायजे म्हनतो." साहेब मान हलवत ऐकत होता, त्याला वाटलं हीच कविता. मुलानं त्याच्या कानाशी सांगितलं तवा त्याची मान थांबली.

दुसरीत दीर. कुंपण कुणी सरकवलं, कुणाच्या बकरीनं काय खाल्लं. तिसरीत परत सासू, कौलं फुटली. सदरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "इंजिनिअरसाब, ही तर किराणा मालाची यादी निघाली."

मुलाचा चेहरा उतरला. तो रूममेटकडं वळला. "चाचा, तुमाला तर आठवत असतील."

तो लाजला. "बाबा, दर जुम्म्याला नवा गाना असायचा. जुना कोन ध्यानात ठेवनार? आमी हसायचो खाली पडून. कशाला हसायचो, ता नाय आठवत. माज्या आयच्या कॅसेटवर पन त्याच्याकडून एक भरून धाडलेला. सगळेच धाडायचे, घरची हसावीत म्हनून."

"ती कॅसेट कुठंय?"

"आय मेली. घर पडला. कॅसेट काय राहते?" आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "भाबी, तुमाला येत असंल की एखादा."

मला कसं येणार? गाणी पुरुषांची, अंगणातली. आमी बायका आत चुलीपाशी. ऐकू यायचं ते हसणं. शब्द भिंतीच्या पलीकडं राहायचे. आणि ऐकून झालं की सासू टेप कपाटात ठेवून चावी कमरेला लावायची.

साहेबाला हे मुलानं सांगितलं असेल, कारण तो माझ्याकडं बघून काहीतरी बोलला. मुलगा म्हणाला, "अम्मा, साहेब म्हणतात, त्यांच्या गवंड्याच्या बायकोनं त्याचे अर्धे कागद चुलीत घातले. गावातली माणसं अजून तिला शिव्या देतात."

मी म्हटलं, "थंडी असेल."

मुलानं ते साहेबाला सांगितलं की नाय मला ठाऊक नाय.

चौथी कॅसेट शेवटची. तिला वरून दोरा गुंडाळलेला होता. मुलानं दोरा तोडला तसे मालक खुर्चीत हलले. "खलास," म्हणाले. परत म्हणाले, मोठ्यानं. सुनेला वाटलं लघवी झाली, ती उठली. मुलगा म्हणाला, "एक मिनिट अब्बा," आणि बटण दाबलं.

सासूच होती. पण हळू बोलत होती. "बाबा, जीव घट्ट कर. पोरगी गेली तुजी. ताप आला, एका रातीत गेली. मी काय करू, मी म्हातारी. तुजी बायको तुजा गाना ऐकत बसलेली दाराशी, दात काढत. पोरगी आत तापानं फनफनते आनि ही गाना ऐकते. मी सांगून थकले. तिच्या हातानं गेली पोरगी. तुला कोन सांगनार नाय, म्हनून मी सांगते."

खोलीत सगळे माझ्याकडं बघायला लागले. ज्यांना बोली कळत होती ते. साहेबाला कळत नव्हती, तो त्यांच्याकडं बघत होता. नातीला अर्धी कळते. ती आईला म्हणाली, "मम्मा, हू डाइड?"

मला मुलगी होती. मुलाच्या आधीची. घरात कधी तिचं नाव काढलं नाय, म्हणून मुलालाही माहीत नव्हतं. दुडूदुडू चालायची. ज्या दिवशी मालकांची कॅसेट आली त्या दिवशी ती सकाळपासून तापलेली. डॉक्टर खाडीपलीकडं. मी सासूला सांगितलं, होडी सांगा. सासू म्हणाली, "होडीवाला इथंच बसलाय अंगनात, गाना संपू दे." गाणं संपलं, तर परत लावा, परत लावा. आतून मी दोनदा निरोप धाडला. बाहेर हसणं चाललेलं. ते उठले तवा ओहोटी लागली होती, होडी गाळात बसली. सकाळी पोरगी गेली. सासूनं जवाब भरला तवा मला खोलीत कोंडून ठेवलं होतं, मी रडते म्हणून. मी काय बोलले असते ते त्या कॅसेटवर नाय.

पुढच्या सुट्टीवर मालक आले ते माझ्याशी बोलले नाय. जेवायचे, उठायचे. मला वाटायचं दुःखानं. हा मुलगा पोटात राहिला तोही न बोलताच. मग सवय झाली. त्यांनी काय ऐकलंय ते मला त्या जुम्म्याला कळलं, सदरांच्या समोर, बिर्याणी खाऊन झाल्यावर. मालकांना मी विचारू काय? खरं मानलंत का तुमी? ते म्हणणार, खलास.

मुलाचा हात टेपकडं गेला. "अम्मा, मी बंद करतो."

मी म्हटलं, "चालू ठेव."

"अम्मा, काय चालू ठेव? दादी कसलं..."

"तिचं बोलणं थोडं असेल. कॅसेट मोठी हाय. ती जिथं थांबेल त्याच्या पुढं जुनं उरलेलं असेल. हात काढ."

कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं ते. मलाही तवाच आलं. आमची रीत अशी की वर भरायचं, पण जेवढं बोललं तेवढंच पुसतं. बाकीच्या कॅसेटांवर माणसं शेवटपर्यंत बोलली होती, साबण, छत्री, बकरी. या एकीवर सासू शेवटपर्यंत बोलली नसेल असं मला वाटलं.

म्हणून आमी सगळ्यांनी तिचं उरलेलं ऐकलं, ते मला वाटलं त्याहून लांब निघालं. "दुसरी बायको कर म्हनत नाय मी. पन हिच्या हातात परत पोर देऊ नको." मुलगा मान खाली घालून ऐकत होता. तो त्याच हातांत वाढला. मग सासू थांबली. खट्ट झालं. खरखर. आणि डब्यावर ठेका.

तो आवाज! भरलेला, मस्तवाल, तरण्या माणसाचा. रूममेट उठून उभाच राहिला. "हाच! हाच तो!" मधूनच चालू झालेलं गाणं. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या उरल्या होत्या:

गाडी माजी लाडाची, चावी फिरवली का गाते,
बायको माजी सुका बांगडा, धुतली तरी खारट ऱ्हाते.

मागं खोलीतली माणसं हसतात, कुणी डबा बडवतं, आणि कॅसेट संपते.

हीच कॅसेट त्या दिवशी अंगणात लागली होती. तिच्यावरच सासूनं जवाब भरला, तवा दुसरी घरात नव्हतीच. म्हंजे होडीवाला हेच परत परत ऐकत होता.

सदर पोट धरून हसले. "वाह! सुका बांगडा! वाह!" रूममेट हसला आणि मग माझ्याकडं बघून खाली बसला. मुलगा साहेबाला इंग्रजीत समजावत होता, बांगडा म्हंजे कोणता मासा ते. आणि मालक हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा. वाकडं तोंड आणखी वाकडं करून, लाळ गळेपर्यंत हसले, आणि चालत्या हातानं खुर्चीवर ठेका धरला. आईचं बोलणं ऐकताना त्यांचा चेहरा हलला नव्हता.

मी उठले, त्यांचं तोंड पुसलं.

साहेबानं मुलाला विचारलं, आधी ती बाई एवढा वेळ काय बोलत होती? मुलगा म्हणाला, घरची खुशाली. साहेब जाताना माझ्यासमोर थांबला आणि दोन्ही हात जोडले, नमस्ते केल्यासारखे. त्याला काय कळलं, अल्ला जाणे.

मुलानं सासूचं बोलणं कापलं आणि दोन ओळी फोनमधे घेतल्या. त्या रात्रीच्या आत त्या जमातीच्या ग्रुपवर, तिथून कुवेत, दुबई, गाव. कोकणी मुसलमानांचा कवी सापडला म्हणून लोक मुलाला फोन करतात. पोरांनी त्याला बाजा लावून नाचायचं गाणं केलं. जमातीनं हॉल घेऊन मालकांना शाल घातली. मच्छी मार्केट म्हणणारे सदर माइकवर म्हणाले, "ही आपल्या मातीची जबान." मग तेच दोन ओळींचं गाणं परत परत लावलं, कारण दुसरं नाय. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मागून बायका म्हणत होत्या, "हीच गं ती, सुका बांगडा." लिफ्टमधे एका बाईनं तिच्या पोराला मला दाखवलं. नात म्हणते, "दादी, यू आर फेमस." मी म्हटलं, मासळी ती मासळी, दोहात आपल्याकडची ताजी मिळत नाय म्हणून सुकीला भाव आला.

सून एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, "अम्मा, तुमी तवाच बंद करू दिलं असतं तर..." मी म्हटलं, तर काय? तर कायच उरलं नसतं. तो माणूस गेल्यावर लोकांनी म्हणावं काय, टँकर चालवायचा? त्यानं एवढं एकच गाणं केलं नाय. कफीलावरच्या गाण्यानं म्हणे सगळा कॅम्प थरथरला होता. कुणी मेला तर त्याच्यावरही करायचे, ते ऐकून माणसं रडायची, असं रूममेट सांगतो. रडल्याचं त्याला आठवतं, शब्द आठवत नाय. आता मालक जातील आणि मागं राहील माझा खारट वास. मला काय, मी ऐकून घेईन. पण त्यांचं तेवढंच होतं असं कुणी म्हणू नये.

म्हणून जो कोणी हे वाचेल त्याला सांगते. तुमच्या घरात कुणी आखातात होतं आणि माळ्यावर, पेटीत, कपाटात जुनी कॅसेट असेल तर टाकू नका. लावा. तुमच्या माणसाचं बोलणं संपलं म्हणून बंद करू नका, फीत संपेपर्यंत चालू द्या. काही वाईट ऐकायला मिळालं तरी चालू द्या. पुढं कुणी डब्यावर ठेका धरून आपल्या बोलीत गात असेल, तर जवळच्या कोकणी जमातीत कळवा, आमच्यापर्यंत येईल. मालकांना अजून ऐकू येतं. लवकर करा.